कंदासकट

सकाळी साडेआठला आप्पांचा फोन येतो. रावेर तालुक्यात आमची केळी, जळगावात माझी नोकरी. शेतीतलं माझं काम एवढंच उरलंय, की बाजारभाव बघून सांगायचा. तसा तो आप्पांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या आधी येतो. पण फोनवर आला तो व्यापाऱ्याने सोडलेला भाव, आणि कॉम्प्युटरवर दिसला तो सरकारी, अशी त्यांनी वाटणी करून ठेवलीय.

मे महिना, पारा ४५च्या पुढे, कूलर नुसताच घरघरतोय. मी नेहमीसारखं ‘रावेर केळी भाव’ टाइप केलं, तर जन्मात न पाहिलेलं सर्चचं पान उघडलं. त्यात गुडघेदुखीचं तेल, ऑनलाइन रमी आणि ‘अभिनंदन, आपण आजचे भाग्यवान विजेते आहात’.

“काय निघाला?” आप्पा ताटकळले होते.

“रमी,” मी म्हणालो.

दार मीच उघडलं होतं, हे कबूल. सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा, आठ-अ आणि आधार एकाच पीडीएफमध्ये जोडून पाठवायचे होते. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट. चौकटींमध्ये बरोबरच्या खुणा आधीच मारलेल्या होत्या. इतकं आयतं काम कोण वाचत बसतं? मळ्यातल्या भरीत पार्टीला एकाला बोलवावं आणि त्याच्यामागून मेहुणा, मेहुण्याचा मित्र आणि त्या मित्राचा सासरा यावा, तसे त्या एका सॉफ्टवेअरमागून चार जण आत आले. पीडीएफ तेवढी जोडली गेली नाही. म्हणून सॉफ्टवेअरची तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पोराच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालवून पाहिली. तिथेही नाही.

वर एका पानाने विनंती केली, ‘तुम्ही रोबोट नसल्याचे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा.’ दाबलं. ती नोटिफिकेशनची परवानगी होती, हे रविवारी कळलं. पुतण्याचा बायोडाटा दाखवायला मुलीकडची मंडळी बोलावली होती. उंची, शिक्षण, शेती असं वाचत आम्ही ‘अपेक्षा’पर्यंत आलो, तोच कोपऱ्यात टिंग वाजलं. ‘तुमच्यापासून ५ किलोमीटरवर एकाकी महिला तुमची वाट पाहत आहेत.’ मंडळींनी चहाच्या कपात नजर खुपसली. बायकोने शांतपणे हिशेब केला, “पाच किलोमीटर म्हणजे मेहरूण तलावाच्या बाजूला. तिकडे माझी आत्या राहते.”

एका दुकानात लॅपटॉप नेला. झाकण उघडायच्या आत निदान झालं, “फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही.” पाय मुरगळलेल्याला तेराव्याचा खर्च सांगावा, तसं. लॅपटॉप बगलेत मारून परत आलो.

मग स्वतःच बसलो. व्हिडिओतला भला माणूस सांगत होता, क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘क्लीन अप’ दाबा. ते साधन क्रोममधून २०२३ सालीच काढून टाकलंय. व्हिडिओ त्याआधीचा. ते कळेपर्यंत अर्धा तास मी ते बटण शोधत होतो.

एक्सटेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, यादीत एक अनोळखी पाहुणा दिसला. पण ‘रिमूव्ह’चं बटणच मेलेलं, आणि वर एक ओळ : तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो. माझी संस्था? मी सभासद आहे तो फक्त गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा, आणि थकबाकीमुळे तिथे माझी मान खाली असते. क्षणभर वाटलं, वसुलीची ही नवीन पद्धत असेल.

प्रकार असा, की या किडीने विंडोजच्या रजिस्ट्रीत ब्राउझरच्या नावाने धोरणं लिहून ठेवली होती. मोठ्या कचेऱ्या कर्मचाऱ्यांना लगाम घालायला जी सोय वापरतात, तीच. ब्राउझर बिचारा समजतो साहेबांचा हुकूम आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं तलाठी दप्तर, आणि माझ्या उताऱ्यावर ‘इतर हक्कात’ कोणी परस्पर नाव चढवलेलं. खऱ्या सातबाऱ्यावरून असं नाव काढायला आमच्या दोन पिढ्या गेल्या. इथे डिलीट दाबलं आणि नाव गेलं. हे सुख वेगळंच.

डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘टार्गेट’च्या ओळीला शेवटी त्याच पानाचा पत्ता शेपटीसारखा लावलेला होता. तो तोडला. टास्क शेड्युलरमध्ये ‘अपडेट’ असं सोज्वळ नाव घेऊन एक काम दडलं होतं, तेही उडवलं. एकाकी महिलांची परवानगी काढली. रात्री एकला झोपलो.

सकाळी साडेआठला पुन्हा रमी.

आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “व्हायरस हाये म्हनतो, तर मले सांग, करपा का हरण्या?”

“आप्पा, हा केळीवरचा रोग नाही, कॉम्प्युटरचा आहे.”

“असू दे ना भो. करप्याले फवारनी चालते. हरण्याले काहीच चालत नाही, झाड उपटाच लागते. कंदासकट. तू नुसते पानं तोडून राह्यला.” मग थांबून, “अन् शेजारी काकडी-भोपया लावेल आहे का कोनी? रोग आननारा मावा तिथूनच येतो.”

फोन ठेवला, पण काकडी काही डोक्यातून जाईना. शेजारी कोण? आणि आठवलं, पोराचा जुना कॉम्प्युटर! त्यावर माझंच खातं, सिंक (म्हणजे दोन्हीकडच्या सेटिंग आपोआप सारख्या ठेवणारी सोय) चालू, आणि पेनड्राइव्हने मीच पोचवलेली ती फाइल. मी इकडे सर्च इंजिन बदलायचो, तिकडचा रोग आपलं परत बसवायचा, आणि सिंक ते इमानेइतबारे इकडे आणून सोडायचं.

दोन्ही कॉम्प्युटरवर सिंक बंद केलं, खात्यात साठलेला सिंकचा डेटा पुसला, ते पीडीएफवालं सॉफ्टवेअर दोन्हीकडून काढलं, दोन्ही स्कॅन केले, ब्राउझर रिसेट केला, पासवर्ड बदलले. पोरगा म्हणाला, माझा गेम उडाला. म्हटलं, बांध साफ करताना थोडं पीकही जातं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन. टाइप केलं. ना तेल, ना रमी. स्वच्छ पान, त्यावर केळीचे नवती, पिलबाग, सगळे भाव ओळीने. आदल्या आठवड्यापेक्षा चांगलेच पडलेले. वाचून दाखवले.

पलीकडे बराच वेळ आवाज नाही.

“तुझं ते मशीन,” आप्पा म्हणाले, “आजून दुरुस्त झालं नाही वाटते.”