उद्या लाईन बंद राहील

मराठीत रांग आहे, ओळ आहे, रेघ आहे, रूळ आहेत, तार आहे, दोरी आहे आणि पोटापाण्याचा धंदाही आहे. तरीसुद्धा या सगळ्यांची कामे आपण 'लाईन' या एकट्या इंग्रजी शब्दाच्या गळ्यात घातली आहेत. बोलणाऱ्याची यात मोठी सोय होते. हाल होतात ते ऐकणाऱ्याचे, आणि माझ्या वाट्याला बहुतेक वेळा ऐकणाऱ्याचीच भूमिका येत असल्यामुळे या विषयावर तक्रार करण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या फलकावर एका शनिवारी सूचना लागली : 'उद्या सकाळी 10 ते 5 लाईन बंद राहील. सभासदांनी सहकार्य करावे.' कोणती लाईन, हे लिहिण्याची गरज सेक्रेटरींना वाटली नव्हती, कारण त्यांना ते माहीत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती पाण्याची लाईन धरली आणि पिंप, कळशा, पातेली आणि शेवटी इडलीपात्रसुद्धा भरून ठेवले. त्यांच्या समोरच्या आजोबांनी ती विजेची धरली आणि मोबाईल, विजेरी व कानाचे यंत्र असे सर्व काही रात्रभर चार्जिंगला लावले. आमच्या घरी ती गॅसची लाईन ठरली, त्यामुळे रविवारचे दोन्ही वेळचे जेवण सकाळी नऊच्या आत तयार होऊन डब्यांत जाऊन बसले आणि दुपारी आम्ही गार आमटी मुकाट्याने जेवलो. शेजारच्या मुलीने इंटरनेटची लाईन समजून ऑनलाईन क्लाससाठी मैत्रिणीचे घर गाठले. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी ड्रेनेजची शक्यता बोलून दाखवली आणि घरातल्या सर्वांनी आपापले प्रातर्विधी वेळेत उरकावेत, असा हुकूम काढला. रोज कल्याणहून गाडी पकडणाऱ्या एका अनुभवी सभासदाने, रविवार असल्यामुळे हा मेगाब्लॉकच असणार, असा निष्कर्ष काढून बोरिवलीचे बारसे रद्द केले.

दिवसभर पाणी आले, वीज होती, गॅस पेटत होता आणि गाड्याही धावत होत्या. संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात सापडले तेव्हा उलगडा झाला की, इंटरकॉमची लाईन दुरुस्तीसाठी बंद होती. आमच्या इमारतीत इंटरकॉम कोणीच वापरत नसल्यामुळे, ती बंद झाल्याचे आणि पुन्हा सुरू झाल्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही.

आता एवढा गोंधळ होऊनही हा शब्द टिकून राहतो, याचे श्रेय मी मराठी क्रियापदांना देतो. नाम इंग्रजांचे असले तरी त्याला कामाला लावणारे क्रियापद अस्सल आपले असते, आणि ते एवढेसे हलले तरी माणसाची इज्जत बदलते. रेशनच्या दुकानापुढे लाईन लागते. तिथे शहाणा माणूस लाईन लावतो आणि त्याहून शहाणा माणूस ती तोडतो. वाया गेलेला मुलगा लाईनवर येतो तेव्हा आईबाप पेढे वाटतात, परंतु तोच मुलगा लाईन मारू लागला की पेढे वाटणारे तेच आईबाप तोंड लपवतात. त्याला समोरून लाईन मिळाली, तर प्रकरण आणखी वाढते. विदर्भात लाईन जाते ती विजेची. नागपुरात ब्रिटिशांनी मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी वसवलेला भाग सिव्हिल लाईन्स म्हणून ओळखला जातो, त्यामुळे 'सिव्हिल लाईन्सची लाईन गेली' हे वाक्य तिथे कोणालाही खटकत नाही. मुंबईची मरीन लाईन्सही अशीच मरीन बटालियनच्या वसाहतीवरून आलेली. तिथे उतरून समुद्राकाठी कोणती रेषा आखली आहे, याचा शोध घेणाऱ्या पाहुण्यांना मी स्वतः परत फिरवले आहे.

रेल्वेवाल्यांचे मात्र मला कौतुक वाटते. पुढच्या स्टेशनाकडून 'लाईन क्लिअर' मिळाल्याखेरीज पुढच्या टप्प्यात गाडी सोडायची नाही, ही त्यांची शिस्त आहे आणि तिच्यात संदिग्धतेला जागा नाही. दुर्दैवाने हाच शब्दप्रयोग वडिलांना दुपारची झोप लागल्याची बातमी मित्राला कळवण्यासाठी आमच्या पिढीने इतका वापरला की, आजही तो कानावर पडला की मला सिग्नलऐवजी खिडकीखालची शीळ आठवते.

सर्वांत अवघड प्रसंग आणला तो गवंड्याने. स्वयंपाकघराच्या फरशीचे काम काढले होते आणि मावशी पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मिस्त्री दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "आज फक्त लाईन मारतो, काम उद्यापासून." मावशींनी पदर सावरला आणि माझ्याकडे असे पाहिले की, मी या गृहस्थांना कुठून शोधून आणले, याचा जाब त्या आता माझ्या आईला विचारणार. मिस्त्रींनी पिशवीतून लाईनदोरी काढून भिंतीवर टाकली आणि रंगाची सरळ रेघ उमटवली, तेव्हा कुठे मावशींचा श्वास पूर्ववत झाला. मिस्त्रींच्या पाठोपाठ आलेल्या वायरमनने "इथून वहिनींना एक लाईन देऊ का?" असे विचारले, त्या वेळी मी मावशींना देवदर्शनाला घेऊन गेलो होतो, ही ईश्वराचीच कृपा.

त्या लाईनदोरीवरून आठवले. हा शब्द मुळात लॅटिनमधल्या जवसाच्या धाग्यापासून निघालेला आहे. जवसाला त्या भाषेत लिनुम म्हणत आणि त्याच्या धाग्याला लिनेआ; पहिल्यातून लिनन आणि दुसऱ्यातून लाईन अशी ही भावंडे जन्मली. म्हणजे लाईन हीच मुळात दोरी असल्यामुळे आपली लाईनदोरी ही दोरीदोरी झाली. मुंबईची लोकल, पोलीस वसाहत, फोन, मुलांच्या आयुष्याची दिशा आणि मेगाब्लॉक हे सारे अखेरीस आपण भातावर चटणी म्हणून घेतो त्या जवसातून उगवले आहे.

हा शब्द आपल्याकडे इतका मुरला, याला यंत्रांचीही साथ मिळाली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि 1882 मध्ये मुंबईत टेलिफोनचे एक्सचेंज आले. दोघांनीही आपापली लाईन बरोबर आणली. टेलिग्राफला मात्र आपण 'तार' असे घरचे नाव दिले, आणि ती सेवा 2013 च्या जुलैत बंद पडली. फोनच्या लाईनींचे बरे चालले आहे; 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं' असे सांगणारी ती बाई एवढी वर्षे आपल्यापाशी खोटे बोलली नसावी.

लग्न जमवताना हा शब्द कोणी उच्चारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या भाच्यासाठी स्थळ आले तेव्हा मुलीच्या वडिलांनी भावोजींना विचारले, "मुलगा कोणत्या लाईनला आहे?"

"हार्बर," भावोजी अभिमानाने म्हणाले. त्यांनी चेंबूरला नुकतेच घर घेतले होते.

"अरे वा! म्हणजे बंदराच्या कामात," असे म्हणत वडील एकदम पुढे सरसावले. "आमचे मेव्हणे कस्टममध्येच होते. या लाईनला वरची कमाई कशी असते, ते आम्ही जवळून पाहिले आहे."

भावोजींना वाटले, वरच्या मजल्यांचे भाडे विचारताहेत. ते म्हणाले, "वरची तर आहेच, पण खालच्या गाळ्यालाही चांगले येते."

ते स्थळ लागलीच पक्के झाले असते. पण तेवढ्यात भाचा बँकेतून घरी आला.