इंग्लंडचा कायदा आधी वाचा, मग फॉरवर्ड करा

‘इंग्लंडमध्ये शाळेत राजकीय वाद शिकवायला कायद्यानं बंदी आहे. आपणही फाळणी, दंगली, गाझा हे विषय वर्गातून काढावेत. मुलांची मनं बिघडतात आणि शिक्षक आपली मतं लादतात.’ हा मजकूर माझ्या वहिनीच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला. ती आठवीला इतिहास शिकवते. फाळणीचा धडा नुसता वाचून घ्यावा का, असं तिनं विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

बंदीची गोष्ट साफ खोटी आहे. इंग्लंडच्या 1996 च्या शिक्षण कायद्याचं कलम 406 एकाच पक्षाची मतं वर्गात रेटायला मनाई करतं. त्याला लागूनच कलम 407 आहे: राजकीय प्रश्न वर्गात आला, तर विरोधी मतं समतोलपणे मांडली जातील हे पाहा. विषयच नको असता, तर समतोल कशाचा राखायचा? 2022 मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं मार्गदर्शिका काढली. वादग्रस्त विषय शिकवण्याच्या शाळांच्या स्वातंत्र्यावर यानं मर्यादा येत नाही, असं तीत स्पष्ट म्हटलंय. इस्रायल-पॅलेस्टाईनचं उदाहरणही तीत आहे. 2007 मध्ये अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या हवामानबदलावरच्या माहितीपटाविरुद्ध एक पालक लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाला माहितीपटात नऊ चुका सापडल्या, तरी तो शाळेत दाखवायला बंदी घातली नाही. सोबत शिक्षकांसाठी टिपा द्या, एवढंच सांगितलं.

मनं बिघडतात म्हणे! ज्या मुलांच्या मोबाईलवर रोज मारहाणीचे व्हिडिओ येतात, त्यांना त्यामागची कारणं शांतपणे सांगणारं माणूस नको?

शिक्षक मतं लादतात, हे मात्र काही ठिकाणी खरं आहे, मान्य. आपल्या पक्षाचा प्रचार वर्गात करणारे मीही पाहिलेत. त्यांना जरूर रोखा. त्यासाठी धडा कशाला काढायचा?

आणि काढण्यात तटस्थता कसली? 2024 मध्ये एनसीईआरटी या शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून ‘बाबरी मशीद’ हे नाव गेलं, तिथे ‘तीन घुमटांची वास्तू’ आली. दंगली शाळेत का शिकवायच्या, असा सवाल संस्थेच्या संचालकांनी तेव्हा केला होता. कुठलं नाव ठेवायचं आणि कुठलं पुसायचं, हे कुणीतरी ठरवलंच की. त्यात दुसरी बाजू मांडायला जागाच उरली नाही.