सातेरीच्या देवळामागचं घर

गेल्या चवथीला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी गेलो होतो. आरत्या झाल्या, आणि ओसरीवर विषय निघाला इस्पितळाचा. वाळपईलाच सगळ्या सोयी हव्यात, दर वेळी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात का धावायचं, रुग्णवाहिका वाढवा. मागण्या रास्त आहेत. पण इंग्लंडमधल्या स्विंडनला परतल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. गाडी दारात येईपर्यंत वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीवरच्या, माणसांनी काय करायचं, हे त्या तासाभरात कुणीच विचारलं नाही.

मी हे विचारतो, कारण तीन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका पहाटे बाबांच्या छातीत कळा सुरू झाल्या. गॅस असेल म्हणून आईने ओवा दिला, काकांनी सोडा आणला. पाऊण तास गेला. मग भावाने रुग्णवाहिकेला फोन केला. पत्ता विचारल्यावर तो सांगू लागला, तिठ्यावरून आत, पिंपळाकडून उजवीकडे, सातेरीच्या देवळामागे. आता सत्तरीत सातेरीची देवळं किती! गाडी शेजारच्या गावातल्या देवळाकडे गेली. शेवटी चुलतभाऊ टॉर्च घेऊन पावसात रस्त्यावर उभा राहिला, तेव्हा तिला वाट सापडली. गाडीवाल्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. पुढचं सगळं चोख झालं. आरोग्य केंद्रात ईसीजी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मग बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ. ईसीजी तालुक्यात काढायचा, तो बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांनी बघायचा आणि इंजेक्शन जागेवरच द्यायचं, ही गोव्याने उभी केलेली व्यवस्था खरोखर अभिमानाची आहे. बाबा वाचले. पण गेलेला वेळ आमच्याच घरात आणि आमच्याच रस्त्यावर गेला होता.

इथे इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. छातीत दुखणं, पक्षाघात अशा फोनांना गाडी सरासरी १८ मिनिटांत पोचावी असं उद्दिष्ट. डिसेंबर २०२२ मध्ये हीच सरासरी दीड तासावर गेली होती. खाटा रिकाम्या नाहीत म्हणून रुग्णवाहिका इस्पितळांच्या दारात रांगेत उभ्या होत्या. इतका पैसा असलेल्या देशात हे झालं. म्हणून केवळ गाड्या वाढवून प्रश्न सुटेल, यावर माझा विश्वास उरलेला नाही.

मला इथलं घ्यावंसं वाटतं ते वेगळंच. फोन केला की पलीकडचा माणूस गाडी रवाना करतो आणि तुम्हाला सोडत नाही. फोन स्पीकरवर ठेवा, छातीच्या मधोमध तळहात टेका, माझ्याबरोबर मोजा, असं सांगत राहतो. हृदय थांबल्यावर छाती दाबली नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०२० पासून इथल्या सरकारी माध्यमिक शाळांत हे शिकवणं सक्तीचं आहे. खेड्यांतल्या जुन्या लाल टेलिफोन खोक्यांत आता हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रं बसवली आहेत. मी गोदामात काम करतो. तिथे प्रथमोपचाराची सोय ठेवणं मालकाला कायद्याने भाग आहे, म्हणून एका दिवसात मीही शिकलो. चाळिशीत! गावात असतो तर कधी शिकलो असतो?

गोव्याला हे जमणार नाही असं कोण म्हणेल? २००८ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, त्याच वर्षी किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक आले. बुडणाऱ्या पर्यटकाची छाती दाबणारे हात कळंगुटला आहेत, आमच्या वाड्यावर नाहीत. आणि आमची माणसं शिकत नाहीत असंही नाही. २०१५ मध्ये सत्तरीतल्याच पाली गावात माकडताप आला. त्यानंतर काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकाही सांगू लागल्या. साथीची पहिली खबर बागेतूनच येते, प्रयोगशाळेतून नंतर.

करोनाच्या लाटेतला मे २०२१ मी इथून फोनवर काढला. गोमेकॉत एका पहाटे चार तासांत २६ जण गेल्याचं खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. ऑक्सिजन पुरेसा होता की नव्हता यावर वाद झाले. सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने आणून जोडतानाच्या अडचणी उच्च न्यायालयापुढे मांडल्या गेल्या. मला त्या ट्रॉल्या विसरता येत नाहीत. वस्तू असूनही शेवटच्या शंभर पावलांसाठी माणूस आणि वाट तयार नसेल, तर ती असून नसल्यासारखी.

रस्त्यावर पडलेल्याला उचललं तर पोलीस मागे लागतील, ही भीती अजून ऐकू येते. २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ ची मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती मदत करणाऱ्याला संरक्षण देतात. पंचायतीच्या फलकावर हे दोन ओळींत लिहायला काय हरकत आहे?

परवा भावाचा फोन आला. तिठ्यावर वाड्याच्या नावाची पाटी लागली आहे, बाणासकट. घरांवर आकडे रंगवायचं काम पोरांनी घेतलं आहे, सतरा घरं झाली. पुढच्या चवथीला सगळे घरी असतील, तेव्हा एका संध्याकाळी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला देवळाच्या मंडपात बोलवायचं ठरलं आहे. सरावासाठी रबरी पुतळा कुठून आणायचा, तेवढं अजून अडलंय. तो मी इथून घेऊन येतोय.