स्टेकचा भाव आणि हॉटेलवाल्यांवरचा आळ

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला सात जणांनी पाठवला. राजेंद्रनगरच्या वहिनींनी पाठवला, पुण्याच्या मावसभावानेही पाठवला. स्टेक म्हणजे ग्रिलवर भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा. मजकूर थोडक्यात असा: ‘न्यूयॉर्कला हॉटेलात स्टेक ६० डॉलरला, म्हणजे पाच हजारांच्या वर. टोकियोला त्याहून महाग, पण ते नुसतं नाव. तोच स्टेक अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला १५ डॉलरला, कारण तिथे गुरं चिक्कार. आणि आपल्या इंदुरात साडेतीनशेला! मांसाची किंमत पाचवा हिस्साही नसते, बाकी सगळी हॉटेलवाल्यांची लूट.’

मी इंदुरात बावीस वर्षं खानावळ चालवते. माझ्याकडे स्टेक होत नाही. रविवारी मटण-भाकरी होते, एरवी साधं जेवण. पण माझा भाचा नऊ वर्षं मेलबर्नला ग्रिलवर उभा आहे. दर आठवड्याला फोनवर आम्ही दोघं धंद्याचंच बोलतो. म्हणून हा मजकूर नुसता वाचून सोडून देणं मला जमलं नाही.

आधी ‘तोच स्टेक’ हे शब्द. इंदुरात साडेतीनशेला जो मिळतो तो तापलेल्या लोखंडी पाटावर धूर काढत येणारा कोंबडीचा नाहीतर पनीरचा तुकडा असतो. तो चांगला लागतो, माझी मुलं आवडीने खातात. पण मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशहत्येला बंदी आहे, तेव्हा न्यूयॉर्कच्या ताटात असतो तो स्टेक इथे मिळण्याचा प्रश्नच नाही. गोव्यात किंवा केरळात जो मिळतो तोही बऱ्याचदा म्हशीच्या मांसाचा. कोंबडीचा भाव गोमांसाच्या भावाशेजारी मांडून ‘बघा, आपल्याकडे किती स्वस्त’ म्हणणं म्हणजे खादीच्या दराशी पैठणीचा दर ताडून बघणं.

वजनाचंही तेच. अमेरिकेत मेनूवर वजन औंसांत देतात. १६ औंस म्हणजे साडेचारशे ग्रॅम, तेही कच्च्या मांसाचं, आणि हाडाचा तुकडा असेल तर हाड धरून. टोकियोत वाग्यूचा, म्हणजे जपानी गुरांच्या चरबीदार मांसाचा, तुकडा बऱ्याचदा शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो. वजन न सांगता भाव सांगणारा माणूस भाजीबाजारात आपण दोन मिनिटं उभा करून घेणार नाही.

टोकियो महाग का, याचं उत्तर मजकुरात ‘नुसतं नाव’ असं दिलंय. नावाचा गैरवापर होतो, हे मान्य. कोबे हे वाग्यूतलं नावाजलेलं मांस. २०१२ पूर्वी अमेरिकेतल्या मेनूंवर ‘कोबे’ लिहिलेलं असायचं, पण खरं कोबे मांस तेव्हा त्या देशात येतच नव्हतं. जपानमध्ये मात्र हिशेब कडक आहे. कोबे म्हणवून घ्यायला जनावर ताजिमा वंशाचं आणि ह्योगो प्रांतातलं लागतं. मांसातल्या चरबीच्या जाळीला १ ते १२ अंक देतात, आणि ए-५ या सगळ्यात वरच्या दर्जासाठी निदान ८ लागतो. प्रत्येक जनावराला दहा अंकी क्रमांक असतो. अडीच वर्षांच्या आसपास त्याला पोसावं लागतं. एवढा काळ चारा घालणाऱ्याने तो खर्च कुठून काढायचा?

आता बिल. न्यूयॉर्कच्या मेनूवरच्या ६० डॉलरमध्ये विक्रीकर नसतो. तो ८.८७५ टक्के, म्हणजे ५.३३ डॉलर. वीस टक्के टिप धरली तर आणखी १२. झाले ७७ डॉलरच्या वर. ही टिप म्हणजे खुशीने दिलेली बक्षिसी नव्हे. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या नोकरांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच आहे. काही राज्यं जास्त देतात, पण वाढप्याचा पगार बराचसा गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जातो. पॅरिसला मेनूवरच्या आकड्यात कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात. ऑस्ट्रेलियात कर धरूनच भाव लिहावा लागतो. म्हणजे मेनूवरचा आकडा प्रत्येक देशात वेगळी गोष्ट सांगतो, आणि मजकुराने सगळ्या शहरांचे आकडे एका ओळीत बसवले.

ब्युनोस आयर्सबद्दल तर अर्धीच गोष्ट सांगितलीय. गुरं पुष्कळ, हे खरं. पण २०२३ पर्यंत तिथे डॉलरचा सरकारी दर एक आणि बाजारातला दर त्याच्या दुपटीच्या आसपास, अशी स्थिती होती. परदेशी पाहुण्याच्या डॉलरला भरमसाट पेसो, म्हणजे तिथलं चलन, मिळायचे, म्हणून त्याला स्टेक फुकट वाटायचा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने डॉलरचा दर साधारण ३६६ पेसोंवरून ८०० वर नेला. त्या वर्षी महागाई दोनशे टक्क्यांच्या वर गेली होती. पुढच्या वर्षी पेसोतले भाव डॉलरच्या दरापेक्षा वेगाने चढले आणि पाहुण्यांना तेच शहर महाग वाटू लागलं. गुरं तीच होती, निखाराही तोच होता.

लुटीचा आरोप मला खरा झोंबला. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा असतो: ताटाच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा सामानाचा, तिसरा माणसांचा, आणि उरलेल्यात भाडं, गॅस, वीज, फुटलेली भांडी, नासलेलं दूध. त्यानंतर जे हाती राहील तो नफा. स्टेकमध्ये सामानाचा हिस्सा कमी नसतो, उलट बाकीच्या पदार्थांहून जास्त असतो. सगळ्यात मऊ भाग अख्ख्या जनावरातून चार-पाच किलोच निघतो. चांगली हॉटेलं मांस तीन ते सहा आठवडे थंड खोलीत मुरवतात. त्यात पाणी उडून वजन घटतं, वर वाळलेला थर कापून टाकावा लागतो. आणि भाचा सांगतो, एक तुकडा जरा जास्त भाजला गेला की गिऱ्हाईक परत पाठवतं, मग त्या टेबलावरची कमाई गेलीच. मालक पैसे कमावतो बटाट्यांवर, सॅलडवर आणि वाइनवर.

त्यात अमेरिकेतली गुरं २०२५ च्या सुरुवातीला ८.६७ कोटींवर आली, १९५१ नंतरचा तोवरचा सगळ्यात कमी आकडा. दुष्काळात चारा गेला, शेतकऱ्यांनी कालवडी विकल्या. आज जन्मलेलं वासरू ताटात यायला दीड-दोन वर्षं जातात. मालकाने भाव वाढवला नाही तर तो बुडेल.

‘मग आपल्या इंदूरच्या सराफ्यात एवढं स्वस्त कसं?’ असं वहिनींनी विचारलं. सराफ्यात दिवसभर सोनंचांदी विकली जाते, आणि पेढ्या मिटल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे रात्रीचं खाणं लागतं. एका जागेवर दोन धंदे. बसायला टेबल नाही, वातानुकूलन नाही, वाढपी नाही. एवढं सगळं काढून टाकलं तर माझंही जेवण स्वस्त होईल.

राहिलं रुपयांत रूपांतर. त्यापेक्षा ते ताट किती तासांच्या कामाचं, हे बघावं. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झालं. भाच्याच्या हॉटेलात भांडी घासणारा मुलगा दोन तास काम करतो तेव्हा, कर कापायच्या आधी, पबमधल्या चांगल्या स्टेकचे पैसे त्याच्या हातात येतात. माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंना छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीच्या आसपासच्या एखाद्या बऱ्या हॉटेलात जेवायचं ठरवलं तर अख्ख्या दिवसाची मजुरी जाते. हे मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग महाग कुठे झालं, तिथे की इथे? मी म्हटलं, इथे.