सभासदांचं कलादालन

ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क विभागाचा एक आदेश रद्द केला. फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं परदेशातल्या लिलावांत विकत घेऊन कुणी भारतात आणली, तर ती अश्लील म्हणून विभागाने अडवून ठेवली होती. न्यायालयाने ती परत द्यायला लावली. बातमी वाचून इकडे अमेरिकेत, सिनसिनाटीत मला फार बरं वाटलं. पण बरं वाटण्यालाही मर्यादा आहे. याच पदमसींवर १९५४मध्ये जहांगीर कलादालनातल्या चित्रांसाठी अश्लीलतेचा खटला झाला होता आणि त्यातूनही ते सुटले होते. म्हणजे सत्तर वर्षांनी चित्रकार तोच, आरोप तोच आणि निकालही तोच. मधल्या काळात आपण कमावलं काय?

मी राहते त्या ओहायो राज्यातल्या शहरातही असा एक खटला झाला. खटल्यापेक्षा मला ज्या संस्थेवर तो झाला ती जास्त महत्त्वाची वाटते.

१९३९मध्ये इथल्या तीन तरुण स्त्रियांनी 'मॉडर्न आर्ट सोसायटी' काढली. स्वतःची जागा नव्हती, म्हणून शहरातल्या जुन्या कलासंग्रहालयाच्या तळघरात प्रदर्शनं भरवायची. सुरुवातीच्या काळातच पिकासोचं 'गेर्निका' हे युद्धविरोधी चित्र त्यांनी इथे आणून दाखवलं. पुढे संस्थेचं नाव 'कंटेम्पररी आर्ट्स सेंटर' झालं. तिने स्वतःचा चित्रसंग्रह कधी उभारला नाही. आजच्या काळातल्या कलावंतांचं काम आणायचं, दाखवायचं, त्यावर बोलायचं आणि पुढच्या प्रदर्शनाच्या तयारीला लागायचं, एवढंच तिचं काम. संस्थेला मालक नाही. विश्वस्त मंडळ आहे, वर्गणी भरणारे सभासद आहेत, आणि जमाखर्च कायद्यानेच कुणालाही पाहायला खुला आहे.

१९९०मध्ये या केंद्राने अमेरिकी छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्पच्या छायाचित्रांचं प्रदर्शन घ्यायचं ठरवलं. आदल्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाने राजकीय दबावाच्या धास्तीने ते रद्द केलं होतं. सिनसिनाटी तर अश्लीलतेविरुद्धच्या मोहिमांसाठी प्रसिद्ध असलेलं शहर. तरीही विश्वस्त मागे हटले नाहीत. मंडळाचे अध्यक्ष एका बँकेत अधिकारी होते. बँकेवर दबाव आल्यावर त्यांना मंडळाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. इतर कलासंस्थांना झळ लागू नये म्हणून केंद्र शहराच्या सामायिक निधी मोहिमेतून आपणहून बाहेर पडलं. ७ एप्रिलला प्रदर्शन खुलं झालं आणि त्याच दिवशी पोलिसांनी प्रेक्षकांना बाहेर काढून आत चित्रीकरण केलं. सुमारे १७५ छायाचित्रांपैकी सातांवरून केंद्रावर आणि संचालक डेनिस बॅरी यांच्यावर गुन्हा दाखल झाला. बॅरींना वर्षभराची कैद होऊ शकली असती.

प्रदर्शन बंद पडलं नाही. ८०,०००च्या आसपास लोकांनी ते पाहिलं. ऑक्टोबरमध्ये आठ जणांच्या ज्यूरीने दोघांनाही निर्दोष ठरवलं. हे ज्यूरी कलेतले दर्दी नव्हते, बहुतेकांचा संग्रहालयांशी फारसा संबंधही नव्हता. छायाचित्रं आवडली नाहीत, पण ही कला आहे हे पटलं, असा त्यांचा सूर होता. नावडती गोष्टही जगू द्यायची असते, हे या शहराने आपल्याच आठ नागरिकांच्या तोंडून ऐकलं. माझ्या मते या निकालाचं खरं मोल इथे आहे.

आता मुंबईकडे पाहू. फेब्रुवारी २०१९मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. अमोल पालेकरांनी भाषणात विचारलं, की स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त का केली आणि निर्णय दिल्लीतून का व्हायचे? त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. नंतर आपल्याकडे चर्चा रंगली ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याची, आणि पालेकरांनी ती वेळ निवडावी का याची. त्यांचा मूळ प्रश्न कारभाराचा होता: हे दालन कुणाचं? तो बाजूला पडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

परदेशात राहून मायदेशाला धडे देणाऱ्यांचा मला कंटाळा आहे, म्हणून इथली दुसरी बाजूही सांगते. कॉर्कोरनही ना-नफा संस्थाच होती, आणि तीच कचरली. इथे पैसा धनिकांकडून येतो, आणि त्यांची नावं इमारतींवर लागतात. केंद्राची वास्तुविशारद झाहा हदीदने रचलेली २००३ची देखणी वास्तूही एका देणगीदार दांपत्याच्या नावाने आहे. सरकारी मदतीचाही भरवसा नाही. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेच्या केंद्रीय कला निधीने (नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स) देशभरातल्या अनेक संस्थांची मंजूर अनुदानं एका ईमेलने काढून घेतली. तरीही दहा दिशांनी थोडा थोडा पैसा येत असेल, तर एक दिशा बंद झाल्याने दार बंद होत नाही.

महाराष्ट्राला हे परकं मुळीच नाही. आपली ग्रंथसंग्रहालयं, नाट्यसंस्था, व्याख्यानमाला वर्गणीवरच उभ्या राहिल्या. चित्रकलेच्या वाट्याला मात्र आलं सरकारी संग्रहालय, भाड्याने मिळणारं दालन किंवा विक्रीसाठीची खासगी गॅलरी. न विकल्या जाणाऱ्या, अस्वस्थ करणाऱ्या कामाला जागा देतील अशा संस्था फार थोड्या, आणि त्या चार-दोन माणसांच्या जिद्दीवर तगलेल्या. सामाजिक जबाबदारी म्हणून कंपन्या ज्या कामांवर खर्च करू शकतात, त्यांच्या २०१३च्या कंपनी कायद्यातल्या यादीत कला आणि संस्कृती आहे, पण ती वारसाजतन, जुन्या वास्तू आणि पारंपरिक कलांच्या संगतीत. आज स्टुडिओत काय घडतंय, त्याचा उल्लेख नाही.

तो करून घेण्यासाठी कलावंतांनी आणि रसिकांनी सरकारकडे एकत्र मागणी करायला हवी. आणि तिची वाट न पाहता पुणे, नागपूर, कोल्हापूर, कुठेही, पाचशे माणसांनी वर्षाची वर्गणी भरून एक दालन चालवायला घ्यावं. विश्वस्तांत निम्मे तरी कलेबाहेरचे असावेत: वकील, शिक्षक, दुकानदार, बँकेतली माणसं. उद्या तिथल्या एखाद्या चित्रावर जमाव चालून आला, तर त्याच्या ओळखीची, त्याच गल्लीत राहणारी माणसं दारात उभी असतील.