सैल कार्पेट धुतल्याने ताठ बसत नाही

इंग्लंडमधल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर घर सोडायचा हंगाम आला की एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मतलब असा : ‘भाड्याच्या घरातलं कार्पेट सैल पडून लाटा आल्या असतील तर घाबरू नका. गरम पाण्याने धुवून घ्या, वाळताना आकसून ताठ बसतं. सुटलेल्या कडा आधी चिकटवा, लोंबणारे धागे ओढून काढा. आणि क्लीनिंगवाल्याला आधीचं काही सांगू नका, म्हणजे बिघडलं तर भरपाई तो देईल.’ मी कार्पेट धुण्याचंच काम करतो. या मेसेजवर विसंबून लोक डिपॉझिट घालवून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा आकसण्याचा. इथल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट बहुधा ग्रिपरवर बसवलेलं असतं. खोलीच्या कडेने लाकडी पट्ट्या ठोकतात, त्यांतले खिळे भिंतीकडे झुकलेले असतात, मध्ये अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, पसरतात आणि वरून कार्पेट ताणून त्या खिळ्यांत अडकवतात. हा ताण मोठ्या खोलीत पॉवर स्ट्रेचरने द्यावा लागतो : एक टोक समोरच्या भिंतीला टेकवायचं, मधे नळ्या जोडायच्या आणि दांडा दाबून कार्पेट पुढे ढकलायचं. घाईतला फिटर नुसत्या नी-किकरने, म्हणजे गुडघ्याने ठोसे देऊन, काम उरकतो. काही काळाने लाटा उठतात. जड सोफा न उचलता ओढत नेला किंवा अंडरलेचा भुगा झाला तरी तेच होतं. म्हणजे दोष ताणाचा आहे, मळाचा नाही. तो धुऊन कसा जाणार?

आता कार्पेटच्या पाठीकडे बघा. आजकालच्या बऱ्याच कार्पेटांची पाठ पॉलिप्रॉपिलीनची असते. ते पाणी पीत नाही, त्यामुळे आकसतही नाही. आकसते ती तागाची पाठ : जुनी विणलेली अ‍ॅक्समिन्स्टर, विल्टन किंवा गोणपाटासारख्या पाठीची कार्पेटं. तागाचा धागा भिजला की फुगतो, फुगलेल्या धाग्याला विणीतून वरखाली जायला जास्त लांबी लागते आणि कापड आखूड होतं. पण ते तुमच्या सोयीने, लाटेपुरतं आखूड होत नाही. भिंतीकडची कड ग्रिपरवरून सुटते, दोन तुकड्यांमधला जोड उघडा पडतो, आणि पाणी जास्त झालं असेल तर तागाचा तपकिरी रंग वर चढून कार्पेटच्या धाग्यांच्या टोकांवर डाग उमटतात. ही किंमत मोजून एखादी लाट कमी झालीच, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं का?

हा समज कुठून आला तेही सांगायला हवं. धुतल्यावर कधी कधी सपाट कार्पेटवरही फुगवटे येतात, कारण पाठीचं लॅटेक्स, म्हणजे पाठीचे थर एकमेकांना धरून ठेवणारा रबरी चिकटा, ओलाव्याने सैलावतं. वाळल्यावर ते बसतात. बघणाऱ्याला वाटतं, धुतल्यामुळे कार्पेट ताणलं गेलं. खरं तर ते होतं त्या जागी परत आलेलं असतं. आधीची लाट मात्र तशीच राहते.

शिवाय सैल कार्पेट नीट धुतलंही जात नाही. आमच्या यंत्राची नळी गरम पाणी फवारते आणि लगेच ओढून घेते. त्या ओढीने सैल भाग जमिनीवरून उचलला जातो, नळीचं तोंड लाटेवर अडतं, एका जागी दोनदा पाणी पडतं आणि पलीकडे मळ राहतो. म्हणून आधी फिटरकडून ताणून घ्यावं, कोरडं असतानाच. ओलं कार्पेट ताणू नये, तेव्हा पाठ कमजोर असते.

ताणण्याआधी एक परीक्षा करा. लाटेचा भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच चोळा. आतले दोन थर एकमेकांवर सरकले, किंवा कोपरा उचलल्यावर खाली पांढरी भुकटी दिसली, तर लॅटेक्स मेलेलं आहे. ते कार्पेट ना ताणून सुधारणार, ना धुऊन. उगाच पैसे घालू नका.

कडा चिकटवण्याबद्दल. फेविकॉलसारखा पांढरा गोंद गरम पाण्याने मऊ पडतो. दुहेरी टेपचा चिकटा वर येऊन धूळ धरतो. सुपरग्लू तर दगडासारखा धरतो, मग फिटरला ती कड फाडल्याशिवाय ताणता येत नाही. कड सुटली असेल तर घरमालकाला कळवा, आणि रांगतं मूल असेल तर तोवर तिथे जड काहीतरी ठेवून जागा झाका. उघड्या ग्रिपरचे खिळे तळपायात आणि तळहातात सहज घुसतात.

धागा ओढू नका, कात्रीने कापा. विशेषतः वेढ्यांच्या विणीचं कार्पेट स्वेटरसारखं ओळीने उसवत जातं.

आणि लपवाछपवी. हा सल्ला मला सगळ्यात खटकतो. विमा क्लीनिंगवाल्याच्या हातून झालेल्या नुकसानीचा असतो, आधीच्या दोषाचा नाही. कामाला हात लावण्याआधी आम्ही खोली तपासून नोंद करतो, फोटो काढतो. तागाची पाठ आहे, जोड कच्चा आहे, हे आधी कळलं तर कमी पाण्याची पद्धत वापरता येते. न सांगता धुवून घेतलं, तर नुकसान तुमच्याच पदरात पडतं.

उलट बोलण्यात तुमचा फायदा आहे. सैल बसवलेलं कार्पेट ही भाडेकरूची चूक नाही आणि नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसेही त्याच्याकडून घेता येत नाहीत. टेनंट फीज अ‍ॅक्ट 2019 नुसार इंग्लंडमध्ये घरमालक किंवा एजंट तुम्हाला व्यावसायिक क्लीनिंगचा खर्च सक्तीने करायला लावू शकत नाही. घर ताब्यात घेताना जितकं स्वच्छ होतं तितकं परत द्यायचं, एवढंच. तेव्हा राहायला जाल त्याच आठवड्यात प्रत्येक लाटेचा, जोडाचा, कडेचा फोटो काढून ईमेलने पाठवा. आधीपासून राहत असाल तर आज पाठवा. घर सोडताना वाद झालाच, तर डिपॉझिट ज्या योजनेत ठेवलंय तिथे तो मोफत सोडवून मिळतो, आणि तिथे निकाल पुराव्यावर लागतो.