‘दुकानदारी ज्ञान’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “रेकॉर्डरला कॅमेरा जोडताना आरटीएसपी टीसीपीवरून घ्या, हे निव्वळ दुकानदारी ज्ञान. लाइव्ह व्हिडिओला यूडीपीच लागतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.” (आरटीएसपी म्हणजे कॅमेऱ्याकडून व्हिडिओ मागवायची पद्धत; टीसीपी आणि यूडीपी म्हणजे तो नेटवर्कवरून पॅकेटांत पाठवायचे दोन मार्ग.) त्यापुढे आरटीएसपीचं साल, मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना एकदम पाठवणं), पीटीझेड (दुरून फिरवता येणारा कॅमेरा) आणि एच.265 (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) यांवरही टीका होती.

साल माझं चुकलं होतं. आरटीएसपीचा मानक दस्तऐवज, आरएफसी 2326, निघाला 1998 मध्ये, मी 1996 लिहिलं. दुरुस्त केलंय. आभार.

आता दुकानदारी. हो, माझं दुकान आहे. ज्या गाळ्यात वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्याच गाळ्यात मी 2009 पासून कॅमेऱ्यांचं काम करतो. बीएनसी कनेक्टर लावताना बोटं कापून घेतली आहेत, पावसात शिडीवर उभं राहून आरजे-45 क्रिंप केले आहेत. यात कमीपणा कसला? माझा मुद्दा खोडून काढा ना, मी शांतपणे वाचेन. पण माणूस कुठे बसून लिहितो यावरून त्याचं म्हणणं निकालात काढायचं, ही कुठली रीत? ‘पहिल्या वर्षाचं पोर’ हे तर मला खरंच लागलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांनाही मी असं कधी बोललेलो नाही.

टीसीपीवर मी पुस्तक वाचून आलेलो नाही. एका सोसायटीचं पार्किंगचं गेट रस्त्यापलीकडे होतं. केबल नेता येईना, म्हणून वायरलेस ब्रिज (केबलऐवजी हवेतून जोडणी) लावला. रेकॉर्डर यूडीपीवर होता, तो मीच तसा ठेवला होता. एका पहाटे बाईक चोरीला गेली. सेक्रेटरी, हवालदार आणि मी वॉचमनच्या केबिनमध्ये स्क्रीनपुढे बसलो. बाईक गेटाशी येते, मागे बसलेल्याचा चेहरा दिव्याखाली येणार, तेवढ्यात चित्राचा खालचा अर्धा भाग राखाडी पट्ट्यांत ओघळतो. दोन सेकंद. मग सगळं स्वच्छ, आणि गेट रिकामं. हवालदारांनी तीनदा मागे घेऊन पाहिलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, तेच जास्त टोचलं.

दोनच सेकंद का, तर सेकंदाला 25 फ्रेम आणि आय-फ्रेमचं (स्वतःपुरतं पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतर 50. दोन मेगापिक्सेलची एक आय-फ्रेम सहज लाखभर बाइटची होते. एका पॅकेटात मावतात साधारण 1400 बाइट, म्हणजे एका फ्रेमची सत्तरेक पॅकेटं. त्यातलं एक हवेत हरवलं की यूडीपी ते पुन्हा मागत नाही. पुढची प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवरच उभी असते, त्यामुळे फाटलेलं चित्र पुढची आय-फ्रेम येईपर्यंत फाटलेलंच राहतं. टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतो. चित्र जरा उशिरा येतं, पण अख्खं येतं. डिस्कवर लिहायचं असेल तर त्या उशिराने कुणाचं काय बिघडतं? ब्रिजची क्षमताच कमी पडली तर टीसीपीही मागे पडत जातो, हे मी लेखात लिहिलं आहे. त्यावर उपाय बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) उतरवणं. त्याच संध्याकाळी रेकॉर्डरमध्ये टीसीपी निवडला आणि बिटरेट 4 वरून 2 एमबीपीएसवर आणला. त्या गेटाचं चित्र पुन्हा ओघळलेलं मी पाहिलं नाही.

आणि ‘लाइव्ह’ हा शब्द तुमचा आहे. माझ्या वाक्यात ‘रेकॉर्डरला’ आहे. तुम्ही स्वतः ते वाक्य उतरवलंत, तरी तो शब्द तुम्हाला दिसला नाही.

पीटीझेड फिरवताना उशीर हाताला जाणवतो, तिथे खुशाल यूडीपी घ्या. आठ कॅमेऱ्यांच्या सोसायटीत मल्टिकास्ट लागत नाही. एच.265 वाल्या परिच्छेदात माझ्या शुद्धलेखनाशिवाय काही नव्हतं, म्हणून तो सोडून देतो.

पुन्हा लिहाल तेव्हा एवढं सांगा: यूडीपीवर तुमचं किती महिन्यांचं रेकॉर्डिंग न फाटता राहिलं, आणि मध्ये केबल होती की ब्रिज.